शिरेतला फेस आणि त्यातली हवा

पायाच्या शिरांमधल्या झडपा कमजोर झाल्या की रक्त खाली साचतं, शिरा निळ्या, गाठाळ दिसू लागतात. डॉक्टर त्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. बाळंतपणं आणि तासन्‌तास उभ्यानं काम यांनी त्रास वाढतो. यावर एक उपाय फेसाच्या इंजेक्शनचा. शिरेत हवा जाऊ नये म्हणतात, मग हा फेस चालतो कसा? आज त्याचाच इतिहास सांगतो.

शिर बंद करणारं औषध जुनंच. पण पातळ औषध रक्तात मिसळून त्याचा जोर कमी व्हायचा. १९४४ साली ऑर्बाक या डॉक्टरांनी औषधाआधी थोडी हवा सोडली. हवेनं रक्त बाजूला सारलं आणि औषध शिरेच्या भिंतीला लागलं. पुढे औषधाचाच फेस करू लागले. थोडं औषध पुरे, काम जास्त.

१९९० नंतरच्या दशकात स्पेनच्या काब्रेरांनी बारीक बुडबुड्यांचा फेस केला. त्यात कार्बन डायऑक्साइड होता, तो रक्तात लवकर विरघळतो. २००० साली इटलीच्या टेसारींनी दोन सिरिंज आणि तीन तोंडांची तोटी जोडून औषध आणि हवा घुसळली. ही स्वस्त पद्धत जगभर पसरली.

पण हवेत बहुतेक नायट्रोजन असतो, तो सावकाश विरघळतो. बुडबुडे हृदयात पोचतात. एरवी फुप्फुसं ते अडवतात. मात्र साधारण चौघांतल्या एकाच्या हृदयात जन्मापासूनची बारीक वाट उघडी राहिलेली असते. तिथून बुडबुडे मेंदूकडे जाऊ शकतात. मग काही वेळ डोळ्यांपुढे चमकतं, डोकं दुखतं. क्वचित झटका येऊन अर्धांगही होतो.

म्हणून युरोपातल्या तज्ज्ञांनी एका वेळी १० मिलिलिटरपेक्षा जास्त फेस न वापरण्याचा सल्ला दिला. २०१३ साली अमेरिकेत ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या तयार फेसाला मंजुरी मिळाली. त्यात नायट्रोजन नावापुरताच.

उपाय चांगला आहे, घाबरून टाळू नका. पण आधी विचारा: फेस किती देणार? त्यात कुठला वायू? हृदयाला छिद्र आहे, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं, पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली होती किंवा दिवस गेलेत, तर न लाजता सांगा. इंजेक्शननंतर दिसेनासं झालं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला, तर क्षणभरही थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.