ज्वालामुखी शिखरांवरील स्की-गिर्यारोहण

ज्वालामुखी शिखरांवरील स्की-गिर्यारोहण हा गिर्यारोहण व स्कीइंग यांचा मिलाफ असलेला साहसी क्रीडाप्रकार आहे. यात गिर्यारोहक बर्फाच्छादित ज्वालामुखी पर्वत स्वतःच्या बळावर चढतो आणि शिखरावरून किंवा त्याच्या जवळून स्कीवर घसरत खाली उतरतो. ही मोहीम सहसा दोघांची जोडी किंवा लहान गट करतो. रशियातील एल्ब्रुस (५,६४२ मीटर), इराणमधील दमावंद (सुमारे ५,६१० मीटर) आणि जपानमधील फुजी (३,७७६ मीटर) ही यासाठी परिचित असलेली काही शिखरे होत.

पर्वताचा आकार

लाव्हा व राख यांचे थर एकाच मुखाभोवती साचत गेल्यास शंकूच्या आकाराचा पर्वत तयार होतो. अशा पर्वताचे उतार लांब व बरेचसे सलग असतात. त्यामुळे हिमाच्छादित शंकू स्कीसाठी सोयीचे ठरतात.

वऱ्हाडातील डोंगरही मुख्यतः लाव्हाचेच आहेत. परंतु त्यांचा आकार वेगळा आहे. अमरावती जिल्ह्यातील गाविलगड व अकोला जिल्ह्यातील नरनाळा हे किल्ले सातपुड्याच्या गाविलगड रांगेत आहेत. येथील काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून निर्माण झाला. हा लाव्हा एका मुखातून न येता लांब भेगांतून बाहेर पडला व पातळ असल्याने दूरवर पसरला. त्यामुळे दख्खनच्या लाव्हाप्रदेशात शंकूंऐवजी सपाट माथे आणि पायऱ्यांसारखे कडे आढळतात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर हेही ज्वालामुखीचे मुख नसून बेसाल्टवर झालेल्या उल्कापाताने बनलेले आहे.

चढाई व उतरण

चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात. केसांचा कल मागच्या दिशेस असल्याने स्की पुढे सरकते, मात्र मागे घसरत नाही. उतार तीव्र किंवा बर्फ कडक झाल्यास स्की पाठपिशवीला बांधून बुटांना क्रॅम्पॉन लावले जातात व हाती आइस ॲक्स घेतली जाते.

वसंत ऋतूत उतरण्याची वेळ निर्णायक ठरते. रात्री गोठलेला पृष्ठभाग पहाटे काचेसारखा कठीण असतो. त्यावर तोल गेल्यास घसरण थांबवणे अवघड होते. सकाळच्या उन्हाने वरचा थोडासा थर मऊ झाला की स्कीला पकड मिळते. त्यानंतर ऊन वाढून खालचे थरही भिजले की ओल्या हिमस्खलनाचा धोका वाढतो. म्हणून चढाई मध्यरात्रीनंतर सुरू करतात व परतीची वेळ आधीच ठरवतात. ती वेळ झाली की शिखर समोर दिसत असले तरी मागे फिरावे, असा संकेत आहे.

जोडीदाराचे महत्त्व

हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या व्यक्तीची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. एवढ्या वेळात बाहेरचे बचावपथक क्वचितच पोहोचू शकते. सोबतीच खरा बचावकर्ता असतो. त्यासाठी प्रत्येकाजवळ संकेत पाठवणारे व शोधणारे रेडिओयंत्र, बर्फात खुपसण्याची लांब काठी आणि फावडे असावे लागते. धोक्याच्या उतारावरून एका वेळी एकानेच उतरावे व दुसऱ्याने सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी, असा नियम आहे. विरळ हवेमुळे बोलणे असंबद्ध होणे किंवा चाल अडखळणे, ही मेंदूवरील सुजेची लक्षणे असू शकतात. ती रुग्णाच्या स्वतःच्या लक्षात येतीलच असे नाही. अशा वेळी त्याला तातडीने खाली नेणे हाच मुख्य उपाय होय.

विशेष धोके

ज्वालामुखीच्या वायुछिद्रांभोवती बर्फ आतून वितळून पोकळी तयार होते व तिच्यात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. एप्रिल २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅमथ पर्वतावर अशा छिद्राभोवतीचा बर्फ खचून स्की-सुरक्षा पथकातील तिघांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमधील ओंताके पर्वताच्या अचानक उद्रेकात ५८ जण मृत्युमुखी पडले व ५ जण बेपत्ता झाले. एल्ब्रुसवर हिमनदीतील भेगा व अकस्मात येणारी वादळे हे मोठे धोके आहेत. सप्टेंबर २०२१ मधील वादळात तेथे ५ गिर्यारोहकांचा मृत्यू झाला.

इतिहास

ऑस्ट्रियाचे लष्करी अधिकारी थिओडोर फॉन लेर्ख यांनी १९११ मध्ये जपानी सैनिकांना स्कीचे शिक्षण दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी आपले सहकारी एगॉन फॉन क्रात्झर यांच्यासह फुजीच्या उतारावर स्की वापरली. पुढे स्की-गिर्यारोहण हा स्पर्धात्मक खेळही झाला व २०२६ च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश करण्यात आला.

भारत व महाराष्ट्र

कोलकात्याशी संबंधित गिर्यारोहक सत्यरूप सिद्धांत यांनी जानेवारी २०१९ मध्ये अंटार्क्टिकातील सिडली शिखर गाठून सातही खंडांतील सर्वोच्च ज्वालामुखींची चढाई पूर्ण केली.

भारतात स्कीचे प्रशिक्षण गुलमर्ग व औली येथे, तर हिमगिर्यारोहणाचे प्रशिक्षण दार्जिलिंग (संस्थेची स्थापना १९५४) व उत्तरकाशी (१९६५) येथील संस्थांत मिळते. गाविलगड किंवा नरनाळ्याच्या चढाईतून पायांची ताकद व दम वाढवता येतो. उंचीचा सराव मात्र महाराष्ट्रात शक्य नाही. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, तर विरळ हवेचा त्रास साधारणतः २,५०० मीटरच्या वर जाणवू लागतो. एल्ब्रुसच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. त्यामुळे शरीर हवेशी जुळण्यासाठी लागणारे दिवस मोहिमेच्या वेळापत्रकातच राखून ठेवावे लागतात.