अपंग, पोलीस आणि तुरुंग : कायद्याचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हते. फळ्यावर लिहिलेले तो सगळ्यांच्या आधी वहीत उतरवून घ्यायचा, हिशेबात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचे वडील हातगाडीवर फळे विकायचे. एकदा गावात तणाव होता, रात्री मोहल्ल्यात धरपकड चालू होती. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले आणि म्हणाले, "सर, पोलिसांनी मागून हाक मारली तर तो थांबणार नाही. ते समजतील पळतोय. मग काय करायचे?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. बी.एड.ला आम्ही १९९५चा अपंगांचा कायदा शिकलो होतो. अपंग मुलाला अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, नोकरीत तीन टक्के जागा, एवढे परीक्षेपुरते पाठ होते. त्या कायद्यात पोलीस ठाणे आणि तुरुंग कुठे आहेत, हे आम्ही कधी शोधले नव्हते. त्या बापाच्या प्रश्नाने आम्हाला शोधायला लावले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

पहिली गोष्ट अशी लक्षात आली, की आपल्या देशात कायद्याने अपंगांची आणि पोलिसांची गाठ फार पूर्वीच घालून दिली होती. पण ती अपंगांच्या रक्षणासाठी नव्हती, त्यांना धरून नेण्यासाठी होती. १८९८च्या महारोग्यांच्या कायद्याप्रमाणे एखादा निर्धन माणूस महारोगी दिसला, तर पोलिसाला त्याला वॉरंटाशिवाय पकडता येत असे. १९१२च्या वेड्यांच्या कायद्याने ठाणेदाराला रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला अटक करण्याचा अधिकार दिला. कायद्याचा शब्द 'अटक' हाच होता. गुन्हा काय, तर आजार आणि गरिबी. स्वातंत्र्यानंतरही ही नजर गेली नाही. मुंबई राज्याने १९५९ साली भीक प्रतिबंधक कायदा केला. त्यात भिकेसाठी जखम, व्यंग किंवा रोग उघडा करून दाखवणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत बसवले, आणि पोलिसाला वॉरंटाशिवाय धरण्याची मुभा दिली. आपल्या दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या पायऱ्यांवर जुम्म्याच्या दिवशी बसणारी माणसे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा कायदा कुणासाठी होता ते कळेल. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरवली.

ज्यांना धरून नेले, त्यांचे पुढे काय झाले? १९८२ साली हजारीबागच्या मोफत कायदे मदत समितीच्या वीणा सेठी यांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. हजारीबागच्या मध्यवर्ती तुरुंगात काही कैदी वेडे म्हणून ठेवले होते. ते बरे झाले होते, तरी कित्येक वर्षे आतच होते. काहींची वीस वर्षांहून अधिक उलटली होती. न्यायमूर्ती भगवती यांनी त्या पत्रालाच याचिका मानले आणि त्यांची सुटका केली.

त्याच बिहारमध्ये रुदल शाह नावाचा कैदी १९६८ साली न्यायालयातून निर्दोष सुटला, पण तुरुंगातून बाहेर आला तो १९८२च्या ऑक्टोबरमध्ये. चौदा वर्षे जास्त! सरकारचे उत्तर होते, की तो वेडा होता. त्या उत्तराला कसलाही पुरावा न्यायालयाला सापडला नाही. आपल्या पुण्याचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १९८३ साली त्याला पस्तीस हजार रुपये देण्याचा आदेश दिला. हक्क तुडवला म्हणून सरकारने थेट भरपाई द्यायची, ही वाट देशात या खटल्याने मोकळी केली. पुढे मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे.

तरीही आसामचा माचांग लालुंग आतच होता. १९५१ साली तेवीस वर्षांचा असताना त्याला पकडले आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले. १९६७ साली डॉक्टरांनी तो ठीक असल्याचे कळवले. मग त्याला घरी न सोडता गुवाहाटीच्या तुरुंगात टाकले. खटला चाललाच नाही. २००५ साली एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो सुटला. चोपन्न वर्षे गेली होती. २००७च्या अखेरीस तो वारला. वाचकहो, हा माणूस गुन्हेगार होता की नव्हता, हे कुणीच कधी ठरवले नाही.

इथे आपल्याकडेही एकदा बोट दाखवले पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खाजगी आश्रमात आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. अठ्ठावीस जण जळून मेले. घरच्यांनी त्यांना शिफा मिळावी म्हणून तिथे आणून सोडले होते. तिथे पोलीस नव्हते, जेलर नव्हता, तरी तो तुरुंगच होता. सरकारच्या कोठडीबद्दल इन्साफ मागणाऱ्या समाजाने आपल्या हातांनी घातलेल्या साखळ्यांचाही हिशेब दिला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आता कायदा बदलला कसा ते पाहू. १९९५च्या कायद्यात शिक्षण आणि नोकरी होती, पोलीस आणि तुरुंग यांबद्दल तो जवळजवळ मुका होता. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंगांच्या हक्कांचा करार केला आणि भारताने २००७ साली त्याला मान्यता दिली. त्यात न्याय मिळवण्याच्या हक्काचे स्वतंत्र कलम आहे, आणि पोलीस व तुरुंग कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे असे त्यातच म्हटले आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर २०१३ साली फौजदारी कायदे सुधारले. अपंग स्त्रीवर अत्याचार झाला तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी जाऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाला बरोबर घेऊन फिर्याद लिहायची आणि तिचे चित्रीकरण करायचे, असे ठरले. अपंग माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचे नाही, पोलिसांनी त्याच्या घरी जायचे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत.

मग आला २०१६चा अपंग व्यक्ती हक्क कायदा. अपंगत्वाचे प्रकार साताचे एकवीस झाले. त्याचे बारावे कलम आमच्या मते सर्वांत मोलाचे आहे. न्यायालयापुढेच नव्हे, तर तपासाचे अधिकार असलेल्या कोणत्याही यंत्रणेपुढे अपंगाला भेदभावाशिवाय जाता आले पाहिजे, असे ते सांगते. तपास कोण करतो? पोलीसच. सातव्या कलमाप्रमाणे अपंगाच्या छळाची तक्रार आली तर त्याला कोणते हक्क आहेत, मोफत वकील कुठे मिळेल, हे पोलिसाने स्वतः सांगायचे आहे. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा त्याहून पुढे गेला. भटकणारा मनोरुग्ण दिसला तर पोलिसाने त्याला संरक्षणात घ्यावे, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे, आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवू नये. १९१२ची 'अटक' ७५ वर्षांनी, १९८७च्या कायद्यात 'संरक्षण' झाली होती. एका शब्दाला एवढा काळ लागला.

२०२१ साली आंध्र प्रदेशातील एका जन्मांध तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की साक्षीदार अपंग आहे एवढ्यावरून तिची साक्ष कमी दर्जाची ठरत नाही. तो निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचा होता. १९८३ साली रुदल शाहला न्याय देणाऱ्या वडिलांचे ते चिरंजीव. त्या निकालात पोलिसांना आणि न्यायाधीशांना प्रशिक्षण देण्याचेही सांगितले आहे.

पण कायदा पुस्तकात येणे वेगळे आणि बराकीत पोहोचणे वेगळे. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक जी. एन. साईबाबा लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर होते. २०१४ साली त्यांना अटक झाली, २०१७ साली गडचिरोलीच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. नागपूरच्या तुरुंगात ते अंडा सेलमध्ये होते. ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडले, आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ते वारले. फादर स्टॅन स्वामी यांना ८३व्या वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये अटक करून तळोजा तुरुंगात ठेवले. त्यांना कंपवात होता, पेला हातात ठरत नव्हता. पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. तपास यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवस मागितले. कंपवात हा २०१६च्या कायद्यातील एकवीस अपंगत्वांपैकी एक आहे, म्हणजे तो पेला मेहेरबानी नव्हती, हक्क होता. ५ जुलै २०२१ रोजी ते कच्चे कैदी म्हणूनच मरण पावले. या दोघांच्या विचारांशी कुणाचे पटो वा न पटो, पाणी पिण्याच्या हक्काचा विचारांशी संबंध नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील स्नायूंच्या आजाराने अपंग असलेल्या एका वकिलाच्या खटल्यात आदेश दिले. तुरुंगात येताच कैद्याचे अपंगत्व नोंदवा, उतरंड आणि वापरता येईल असा संडास करा, लागेल ते साधन व उपचार द्या, तुरुंगाचे नियम सुधारा. त्याची भरपाई मात्र वाढवली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हे आदेश सर्व राज्यांना लागू झाले. आता ते आपल्या महाराष्ट्रातील तुरुंगांनाही बांधील आहेत.

हे सारे आपण का वाचायचे? २०२२च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. म्हणजे चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. आणि लोकसंख्येत मुसलमानांचा जो वाटा आहे त्याहून तुरुंगातला वाटा जास्त आहे. त्यांत बहिरे, पांगळे, मतिमंद किती, हे त्यांच्या घरच्यांनीही कधी सांगितलेले नसते. आपण अपंगत्व लपवतो. लग्न जमणार नाही म्हणून दाखला काढत नाही. मग वेळ येते तेव्हा हातात कागद नसतो, आणि कागदाशिवाय कायदा बोलत नाही.

त्या बापाला आम्ही आता उत्तर देऊ शकतो. मुलाचा अपंगत्वाचा दाखला काढा, ओळखपत्र त्याच्या खिशात ठेवा. आपल्या भागातील ठाण्यात त्याची ओळख आधीच करून द्या. त्याला नेलेच, तर खाणाखुणांची भाषा जाणणारा दुभाषी लेखी मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील अपंगाला मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. दुभाषी मिळत नसेल तर शाळेत निरोप द्या, त्याच्या खुणा समजणारे आम्ही आहोत.

मागून आलेली हाक त्याला अजूनही ऐकू येणार नाही. ती ऐकू येत नाही हे ओळखण्याची जबाबदारी आता कायद्याने हाक मारणाऱ्यावरही टाकली आहे. ती त्याला आठवण करून देण्याचे काम मात्र आपले आहे.