चोर सापडला, गोष्ट संपली?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावले, "वाचा, पण एका वेळी अर्धा तास. जास्त नको." झाले! जाडजूड कादंबऱ्या कपाटात गेल्या आणि शेरलॉक होम्सच्या कथा उशाशी आल्या. एक कथा, एक अर्धा तास. डॉक्टर खूश, मीही खूश.

गंमत म्हणजे हे अर्ध्या तासाचे गणित जुनेच आहे. १८४१ मध्ये पॅरिसच्या रु मॉर्गमधल्या खुनांची कथा लिहून एडगर ॲलन पो याने गुप्तहेरकथेचा पाया घातला. त्याच पोने पुढच्याच वर्षी हॉथॉर्नच्या कथांबद्दल लिहिताना म्हटले होते की, कथा अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत, एका बैठकीत वाचून व्हावी. म्हणजे गुप्तहेर जन्मला तोच कथेच्या पाळण्यात.

कॉनन डॉयलचे मात्र उलटे झाले. होम्स पहिल्यांदा आला तो कादंबरीतून, 'अ स्टडी इन स्कार्लेट'मधून, १८८७ साली. त्या वेळी फारसा गाजावाजा झाला नाही. १८९० मध्ये दुसरी कादंबरी आली. पण होम्स घराघरांत पोहोचला तो जुलै १८९१ पासून, 'स्ट्रँड' मासिकात कथा सुरू झाल्यावर. डॉयलने नेमकी नस ओळखली होती. मासिकातल्या क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला की वाचकाचा धागा तुटतो. त्याऐवजी नायक तोच ठेवायचा, पण प्रत्येक अंकातली गोष्ट पूर्ण करायची. अंक चुकला तरी बिघडत नाही आणि पुढच्या अंकाची ओढही राहते. पुढे होम्सच्या ५६ कथा झाल्या, कादंबऱ्या मात्र ४च.

त्या चार कादंबऱ्या नीट पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. होम्सला कोडे सोडवायला दोनशे पाने लागतच नाहीत! मग उरलेल्या पानांचे काय करायचे? पहिल्या कादंबरीत गुन्हेगार सापडतो आणि डॉयल आपल्याला उचलून थेट अमेरिकेतल्या युटाला नेतो. गुन्हा का घडला याची तिथे वेगळीच कहाणी सुरू होते. दुसरीत शेवटी आग्र्याच्या किल्ल्यातली १८५७ ची लांबलचक हकिकत येते. चौथीत पुन्हा अमेरिका, कोळशाच्या खाणींचे खोरे. राहिली तिसरी, बास्करव्हिलची. ती एकसंध आहे, पण तिथे मधल्या बऱ्याच भागात होम्स समोर नसतोच, एकटा वॉटसन पत्रे पाठवत बसतो!

यावरून मला वाटते, 'कोणी केले' याला कथा पुरते. 'का केले' आणि 'त्यापायी कोणाकोणाचे काय झाले' याला कादंबरीच लागते.

होम्सच्याही आधीची विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' घ्या. १८६८ साली ती डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतला हिरा इंग्लंडमधल्या एका घरातून नाहीसा होतो. त्या घरात रोझाना नावाची मोलकरीण आहे, जुन्या चोरीची शिक्षा भोगून आलेली. संशयाची सुई तिच्याकडे वळते आणि पुढे ती जीव देते. नुसत्या संशयामुळे नव्हे, तिच्या मनात एक न बोललेले प्रेमही आहे. ते कळते तिच्या पत्रातून, कितीतरी पानांनंतर. कथेत या रोझानाला दोन ओळी मिळाल्या असत्या.

आगाथा ख्रिस्तीला हे पुरते ठाऊक असावे. १९३२ च्या तिच्या कथासंग्रहात 'चार संशयित' अशा अर्थाच्या नावाची एक कथा आहे. घरात मृत्यू होतो, संशय चौघांवर, पुरावा नाही. कथेतले निवृत्त पोलीस अधिकारी म्हणतात की, खरा गुन्हेगार सुटण्यापेक्षा तिघा निरपराधांवरचा डाग वाईट. मिस मार्पल बसल्या जागी कोडे सोडवतात, गोष्ट संपते. पण लेखिकेच्या मनातून तो विषय गेला नसावा. १९५८ मध्ये तिने 'ऑर्डील बाय इनोसन्स' ही कादंबरी लिहिली. खुनाची शिक्षा झालेला मुलगा तुरुंगात मरून गेला आहे आणि दोन वर्षांनी एक साक्षीदार येऊन सांगतो की, तो निर्दोष होता. घरच्यांना आनंद व्हायला हवा ना? होत नाही. कारण आता खुनी त्यांच्यातलाच कोणीतरी! ते एकमेकांकडे कसे पाहू लागतात, यातच कादंबरी रमते.

हे वाचताना मला माझाच वर्ग आठवला. सातवीच्या सहलीची जमा झालेली वर्गणी एकदा नाहीशी झाली. पी.टी.च्या तासाला तीन मुले वर्गात थांबली होती. मी आमच्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेली. त्यांनी हजारावर लिहिल्या, त्यातल्या मी किती वाचल्या असतील देव जाणे! मोठ्या ऐटीत मी त्या तिघांना सगळ्या वर्गादेखत उलटसुलट प्रश्न विचारले. दोन आठवड्यांनी पैसे सापडले, हजेरीपटाच्या कव्हरात. मीच ठेवले होते. मी वर्गात म्हटले, "पैसे मिळाले बरं का," आणि धडा सुरू केला.

माझ्यापुरती गोष्ट तिथे संपली. त्या तिघांतला एकजण त्यानंतर वर्षभर माझ्या तासाला आपणहून एकदाही बोलला नाही. मी त्याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

असो. पुढच्या आठवड्यात डोळे पुन्हा तपासायचे आहेत. अर्ध्या तासाची अट उठली की कपाटातून पहिली काढणार ती 'मूनस्टोन'. तुमच्यापैकी कोणी ती वाचली असेल तर रोझानाबद्दल काय वाटले ते जरूर कळवा.