झारेकऱ्यांचा पारा

सराफ बाजाराच्या मागच्या बोळात आम्ही लहानपणी झारेकरी पाहत असू. सोनारांच्या दुकानांपुढचा केर, गटारीतला गाळ, भट्टीची राख ते पोत्यांत भरून नेत. धूळधोये हे त्यांचे दुसरे नाव. आमच्याकडे या धंद्यातली बहुतेक घरे मुसलमानांची. दागिना घडवणाऱ्याचे नाव होते. त्याच्या कानशीतून उडालेला कण शोधणाऱ्याचा इतिहास लिहायला कुणाला सवड झाली नाही. तो लिहायचा तर पाऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

रीत अशी. गाळ धुवून जड माल खाली बसवायचा, त्यात पारा घालून हाताने मळायचा. पारा माती सोडतो आणि सोन्याचे कण गिळतो. फडक्यात पिळून जादा पारा काढला की उरलेला गोळा निखाऱ्यावर ठेवायचा. पारा उडून जातो, सोने राहते. उडून कुठे जातो? फुंकणाऱ्याच्या फुप्फुसात, तिथून रक्तात आणि मेंदूत. बाकीचा छताला, भिंतींना आणि चुलीजवळ निजलेल्या पोराच्या गोधडीला. या वाफेला रंग नाही, वास नाही. हळूहळू हात थरथरू लागतात, हिरड्या सुजतात, विसर पडतो, माणूस विनाकारण चिडतो. आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांच्या हातातली कपबशी सारखी वाजे. लोक म्हणत, चाचा चोरून पीत असणार. चाचांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पाऱ्याचा संशय आम्हाला आला तो त्यांना दफन करून कितीतरी वर्षे झाल्यावर.

ही रीत आजची नाही. अकराव्या शतकात अल-बिरुनीने रत्ने आणि धातूंवरील आपल्या 'किताब अल-जमाहिर'मध्ये ती नोंदवली आहे : दळलेले खनिज, पारा, पिळायला कातडे आणि शेवटी आग. अंदलुसमधल्या पाऱ्याच्या खाणीला अरबांनी नुसते 'अल-मादिन', म्हणजे खाण, म्हटले. तेच स्पेनचे आल्मादेन. स्पॅनिशमध्ये पाऱ्याला 'आसोगे' म्हणतात, तोही शब्द अरबीच. (उर्दूत पारा म्हणजे सीमाब. शायरांना त्याची बेचैनी इतकी आवडली की एकाने ते तखल्लुसच घेतले.)

पुढे आल्मादेनचा पारा अमेरिकेतली चांदी काढायला जहाजांनी जाऊ लागला. खाणीत उतरायला माणसे मिळेनात, तेव्हा कैदी धाडले गेले आणि उत्तर आफ्रिकेतून पकडून आणलेले मुसलमान गुलामही. 1593 मध्ये मातेओ आलेमान या लेखकाला सरकारने तिथे चौकशीसाठी पाठवले. कैद्यांनी त्याला थरकाप सांगितला, भट्टीवर काम करून वेडे झालेले सोबती सांगितले. म्हणजे हा धोका तेव्हाही सरकारच्या दप्तरात होता. तरी पुढे दोनशे वर्षे कैदी जातच राहिले. अज्ञानामुळे माणसे मेली, असे म्हणायची सोय इतिहासाने ठेवलेली नाही.

कॅलिफोर्नियात 1848 नंतर सोन्याची झुंबड उडाली, तेव्हा पारा पुरवणाऱ्या खाणीचे नाव होते न्यू आल्मादेन. तिथल्या नद्यांत सांडलेला पारा अजून गाळात आहे. पाण्यातले जिवाणू त्याचे अधिक घातक रूप करतात, ते माशांत साठते, आणि गरोदर बाईच्या ताटातून पोटातल्या बाळापर्यंत जाते. संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या अहवालाप्रमाणे माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे 38 टक्के अशा हातखाणींतून येतो. या खाणींतल्या लोकांत बायका आणि मुले लाखांनी आहेत.

उपाय महाग नाही. झाकणबंद भांडे आणि वाफ थंड करून परत आणणारी नळी, इतकेच. आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत पातनयंत्र शतकानुशतके आहे. तिथे पारा शुद्ध करायचा होता म्हणून वाफ धरली गेली. माणूस वाचवायचा म्हणून ते भांडे झारेकऱ्याच्या चुलीवर कुणी चढवले नाही.

2013 चा मिनामाता करार भारताने 2018 मध्ये स्वीकारला. त्याचे सातवे कलम खनिजातून पाऱ्याने सोने काढणाऱ्या छोट्या खाणकामगारांसाठी आहे. आमचा झारेकरी खाणीत उतरत नाही. तो दुकानाचा केर धुतो, आणि केर म्हणजे खनिज नव्हे.