मांडीवरचे यंत्र

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. मासेमारीची बंदी सुरू झाली होती. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात होड्या वर ओढून ठेवल्या होत्या आणि घरोघरच्या ओट्यांवर माणसे जाळी सांधत बसली होती. अशा एका संध्याकाळी आमच्या शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीची आई माझ्याकडे आली. येताना तिने फडक्यात बांधून सुके बोंबील आणले होते. ते पत्नीच्या हाती देऊन ती दाराशीच टेकली आणि म्हणाली, "मास्तर, पोरगी कॉलेजात जातेय, तिला लॅपटॉप पायजे. पैसं जमवलेत मी. पन दोनदा घ्याला जमनार नाय. यकदाच घेईन. तुमी सांगाल तो घेते."

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण जो माणूस मुलांना शिकवतो आणि वर कादंबऱ्याही लिहितो, त्याला जगातले सगळे ठाऊक असते, अशी आमच्या वस्तीची भाबडी समजूत आहे. एरवी मी ती मोडायला जात नाही. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून उत्तर निघेना, कारण या बाबतीत माझे हात एकदा चांगलेच पोळले होते.

काही वर्षांपूर्वी मी दुकानातले सर्वांत स्वस्त यंत्र घेऊन आलो होतो. पहिला पावसाळा त्याने काढला. दुसऱ्या पावसाळ्यात ते आधी घरघरू लागले आणि एका सकाळी उठलेच नाही. दुरुस्तीला येईल त्या खर्चात नवे येईल, असे दुकानदाराने सांगितले. आत माझ्या कादंबरीची एकशेचाळीस पाने होती. त्यांची दुसरी प्रत मी कुठेच ठेवली नव्हती. ती कादंबरी पुढे मला लिहिता आली नाही. तेव्हा "यकदाच घेईन" या शब्दांचे वजन मला कळत होते. मी तिच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या आठ दिवसांत जुनी पुस्तके आणि कात्रणे चाळताना ध्यानात आले की हा प्रश्न काही आजचा नाही. सामान्य माणसाला परवडेल आणि तरीही टिकेल असे लिहिण्याचे यंत्र कोणते, हे कोडे आपल्या मुंबईने आधीही एकदा सोडवले होते.

स्वातंत्र्यापूर्वी कचेऱ्यांतून दिसत ती टंकलेखनयंत्रे रेमिंग्टन, अंडरवुड अशा परदेशी नावांची. १९५५ साली गोदरेज आणि बॉइस या आपल्या मुंबईच्या कंपनीने संपूर्ण भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखनयंत्र बाजारात आणले. पुढे हे यंत्र तालुक्याच्या कचेरीत गेले, वकिलांच्या ओसरीवर गेले, कोर्टाबाहेरच्या झाडाखाली गेले आणि गावोगावच्या टायपिंगच्या क्लासात गेले. मिनिटाला ३० शब्दांची आणि ४० शब्दांची परीक्षा पास झाले की नोकरीचे दार किलकिले होई. कित्येक मराठी घरांतली पहिली नोकरदार मुलगी याच यंत्राच्या खटखटीतून कचेरीत पोचली.

दहावीनंतर मीही अंधेरीच्या एका क्लासात जात असे. महिन्यातून एकदा तिथे एक मेकॅनिक सायकलवरून यायचा. यंत्राचे झाकण काढायचा, अक्षरांत साचलेली शाई ब्रशाने घासायचा, तेलाचे दोन थेंब सोडायचा, सैल झालेली स्प्रिंग बदलायचा. अर्ध्या तासात म्हातारे यंत्र पुन्हा तरुण होई. ते यंत्र कोणाच्याही खिशाला सहज परवडणारे नव्हते. तरी ते स्वस्त ठरले, कारण ते वीसवीस वर्षे चाले आणि त्याचा वैद्य गल्लीतच राहत असे. २००९ पासून गोदरेजने हे उत्पादन आवरते घेतले आणि २०११ मध्ये त्याची बातमी जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आली.

त्या यंत्राची जागा ज्याने घेतली, तो संगणक मुंबईत फार आधी येऊन बसला होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी बनावटीचा एक मोठा संगणक चालू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती. आजच्या मापाने ती जेमतेम दहा किलोबाइट भरते. आज मराठीचे एक अक्षरचिन्ह साठवायला साधारणपणे तीन बाइट लागतात. तेव्हा आपण वाचीत आहा तो लेख त्या खोलीभर यंत्रात निम्मासुद्धा मावला नसता!

खोलीभर यंत्र मांडीवर यायला आणखी वीसेक वर्षे गेली. १९८१ साली अमेरिकेत ऑसबोर्न नावाचा 'उचलून नेण्याजोगा' संगणक निघाला. वजन अकरा किलो, पडदा पोस्टकार्डापेक्षाही लहान आणि किंमत १,७९५ डॉलर. हमालाची सोय तेवढी आपली आपण करायची. पुढच्याच वर्षी 'ग्रिड कंपास' आला. पुस्तकासारखे मिटणारे आजचे रूप त्याने दिले, पण किंमत होती ८,१५० डॉलर. १९८५ मध्ये जपानच्या तोशिबा कंपनीचे यंत्र निघाले आणि साध्या व्यापाऱ्याच्या आवाक्यात ही वस्तू हळूहळू येऊ लागली. इकडे १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था निघाली आणि तिच्या 'जिस्ट' तंत्राने संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली. इतके होऊनही कोळीवाड्यातल्या मुलीच्या दृष्टीने हे यंत्र दूरच होते.

ते जवळ आणण्याचे दोन मोठे प्रयत्न या शतकात झाले. दोन्ही आपल्या अंगणापर्यंत आले होते.

पहिला प्रयत्न अमेरिकेतील प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांचा. प्रत्येक मुलाला शंभर डॉलरांचा लॅपटॉप, अशी घोषणा त्यांनी २००५ साली दावोसला केली. आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये तो नाकारला. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावातील एकशिक्षकी शाळेत ती हिरवी-पांढरी यंत्रे आली. यंत्र खरोखर विचारपूर्वक घडवले होते. पडदा भर उन्हात वाचता येई, कळफलकात धूळ शिरत नसे, फिरणारी तबकडी आत नव्हती. ते पोरांनाही उघडता यावे म्हणून जादा स्क्रू मुठीतच ठेवले होते. पण शंभर डॉलरांचे यंत्र प्रत्यक्षात १८८ डॉलरांना पडू लागले. बाजारात ते विकले जात नसल्याने त्याचे सुटे भागही बाजारात नव्हते. पेरू देशाने अशी लाखो यंत्रे घेतली. तेथील शाळांची २०१२ मध्ये पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा मुलांच्या गणितात वा भाषेत काही फरक पडल्याचे दिसले नाही. यंत्र वाटले म्हणजे शिकवणे झाले असे नव्हे, हे कोणत्याही मास्तराने फुकट सांगितले असते.

दुसरा प्रयत्न आपल्याच सरकारचा. २०१० साली पंधराशे रुपयांच्या यंत्राचा नमुना दाखवण्यात आला आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' ही पाटी बाहेर पडली. सरकारला ती सुमारे २,२५० रुपयांना पडली होती. ती मंद होती, बोट जोराने दाबावे लागे, बॅटरी दोन-तीन तासांत माना टाकी. पवईच्या आयआयटीने पुढे लक्ष घालून २०१२ मध्ये सुधारलेली 'आकाश-२' आणली. पण तोवर मने उतरली होती.

या दोन्ही प्रयत्नांमागचा हेतू थोर होता, त्याबद्दल शंका नाही. चूक एवढीच की दोन्हीकडे किंमत आधी ठरली आणि यंत्र मागून आले. शंभर डॉलर आणि पंधराशे रुपये हे आकडे घोषणेत शोभतात. पण यंत्राला शेवटी मुलीच्या हाताखाली चार-पाच वर्षे काढायची असतात. टंकलेखनयंत्राच्या बाबतीत उलटा क्रम होता. आधी टिकाऊ यंत्र झाले, त्याच्याभोवती मेकॅनिकांची एक जात तयार झाली आणि मग ते लोकांना परवडू लागले. निग्रोपाँटेंच्या खटपटीतून एक लाभ मात्र झाला. लहान आणि स्वस्त यंत्रांनाही गिऱ्हाईक आहे हे कंपन्यांना उमगले आणि २००७ पासून तशी यंत्रे बाजारात दिसू लागली.

आठव्या दिवशी मी मायलेकींना घेऊन वर्सोव्याहून मेट्रोने निघालो आणि अंधेरीला गाडी बदलून लॅमिंग्टन रोड गाठला. बाईंना मी वाटेत एवढेच सांगितले होते, "नाव विचारू नका, पोट बघा." तिला दुसरे काही सांगावे लागले नाही. माशाचा कल्ला उघडून पाहिल्याशिवाय दुसऱ्याचा पापलेटही ती कधी घेत नाही. दुकानदाराने झगझगीत नवे यंत्र पुढे ठेवताच तिने ते उलटे केले आणि विचारले, "ह्ये उघडतंय का?"

ते उघडत होते, पण आत स्मृतीची पट्टी कायमची डकवलेली होती. उद्या ती अपुरी पडली तर वाढवायची सोय नाही. आम्ही ते बाजूला ठेवले. शेवटी एका कचेरीतून आलेले, वापरून पुन्हा नीट केलेले यंत्र पसंत पडले. नव्याहून ते बरेच स्वस्त होते. स्मृती ८ जीबी, पट्टी बदलता येणारी. आत जुन्या पद्धतीची फिरती तबकडी नव्हती, एसएसडी होती. एवढ्या एका गोष्टीने यंत्र चपळ होते आणि धक्क्याने दगावण्याची भीती पुष्कळ कमी होते. बॅटरी स्क्रू काढून बदलण्याजोगी. दुकानाची एक वर्षाची लेखी हमी. यंत्र २०१८ च्या अलीकडचे असावे असा मी हट्ट धरला होता. त्याचे कारण असे की विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि त्याआधीच्या बहुतेक यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. धडधाकट यंत्रही असे एका तारखेने म्हातारे होते. मुलीने कळफलकावर आईचे नाव मराठीत लिहून पाहिले आणि हसली. सौदा झाला.

राहता राहिली आमच्या वर्सोव्याची हवा. हिच्यात मीठ आहे. खिडकीचे गज खाणारी ही हवा यंत्राच्या पंख्यातून आत शिरते आणि तांब्याच्या बारीक रेषा खाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांतली किती यंत्रे पाण्यात गेली असतील कोण जाणे. पण मीठ मात्र पुराची वाट पाहत नाही, ते रोज थोडेथोडे खाते. म्हणून मुलीला सांगितले, यंत्र समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नकोस. पावसाळ्यात ते दिवसदिवस बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडे चालव, म्हणजे आतला ओलावा सुकतो. नंतर गार झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव आणि सोबत बुटांच्या खोक्यात मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाक. वर्षातून एकदा पंखा साफ करून घे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक दालन उघडले आहे. त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती द्यावी अशी योजना आहे. सायकलवरच्या त्या मेकॅनिकला जे सहज जमत होते, त्यासाठी आता सरकारी योजना लागते. असो, लागते तर लागो, पण चालावी.

नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या समुद्रात गेल्या. मुलगी आता कॉलेजचा अभ्यास करून आईच्या मासळीचा जमाखर्चही त्याच यंत्रावर मांडते. परवा तिची आई रस्त्यात भेटली. "चालतोय ना?" मी विचारले. "चालतोय की," ती म्हणाली, "पन मास्तर, तुमची ती हरवलेली गोष्ट परत लिवा ना आता."

तो विषय मी टाळला. पण घरी आल्यावर त्या कादंबरीचे पहिले पान पुन्हा लिहून काढले आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या.