फिरत्या हार्ड डिस्कची कीर्द-खतावणी

खिशात मावणारी एक्सटर्नल हार्ड डिस्क विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही ऑपरेटिंग सिस्टीमच्या संगणकांवर चालेल की नाही, हा प्रश्न वरवर पाहता यंत्राचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर यंत्रात नसून, त्यावरील मजकूर कोणत्या पद्धतीने नोंदला आहे यात असते. डिस्कवरील चुंबकीय थर शून्य आणि एक यांपलीकडे काही जाणत नाही. त्यातला कोणता भाग कोणत्या फाइलचा, ती कोठे सुरू होते आणि तिचा पुढचा तुकडा कोठे सापडतो, हे सांगणारी जी नोंदव्यवस्था डिस्कवरच लिहिलेली असते, तिला फाइल सिस्टीम म्हणतात, आणि डिस्क फॉरमॅट करणे म्हणजे ही नोंदवही कोरी आखून देणे होय. पुण्याच्या पेशवे दफ्तरातला रुमाल हाती आला तरी मोडी न येणाऱ्याला तो जसा बंदच राहतो, तशीच अनोळखी फाइल सिस्टीमची डिस्क जोडली जाते, फिरू लागते, पण वाचता येत नाही. या व्यवस्थांच्या इतिहासात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांतली सर्वांत साधी आणि सर्वांत दुबळी व्यवस्थाच सर्वांत दूरवर पोचली.

आयबीएमने १९५६ मध्ये जाहीर केलेल्या रॅमॅक संगणकाच्या डिस्क-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्याचे वजन सुमारे टनभर होते आणि त्यात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. अशा यंत्रावरची नोंद दुसऱ्या कोणाच्या संगणकाने वाचावी, ही अपेक्षा बाळगण्याचे कारणच नव्हते. घरगुती संगणकाबरोबर फ्लॉपी आली, आणि तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टमधील मार्क मॅकडोनल्ड यांनी १९७७ मध्ये एक अगदी सुटसुटीत नोंदव्यवस्था रचली; टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये आपल्या ८६-डॉस या प्रणालीत तीच कल्पना सुधारून घेतली, ती प्रणाली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, आणि १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर ही व्यवस्था जगभर गेली. तिचे नाव फॅट.

फॅटची रचना समजून घेतल्याशिवाय पुढच्या अडचणी समजत नाहीत. डिस्कचे सारख्या आकाराचे भाग पाडायचे, त्यांना क्लस्टर म्हणायचे, आणि सुरुवातीला एक तक्ता ठेवायचा, ज्यात प्रत्येक क्लस्टरपुढे त्याच फाइलच्या पुढच्या क्लस्टरचा क्रमांक लिहिलेला असेल. शोधणाऱ्याने या क्रमांकांची साखळी धरून फाइलच्या शेवटापर्यंत जावे. हा क्रमांक लिहिण्यास आधी १२ बिटांची, नंतर १६ बिटांची जागा होती. १६ बिटांत ६५,५३६ पलीकडे मोजता येत नसल्यामुळे, ३२ किलोबाइटचे मोठे क्लस्टर पाडूनही २ गिगाबाइटच्या पुढे जाता येईना. म्हणून १९९६ मध्ये फॅट-३२ आले. तक्ता मोठा झाला, मात्र फाइलचा आकार लिहिण्याचा रकाना ३२ बिटांचाच राहिला आणि त्यात ४ गिगाबाइटहून किंचित कमी एवढाच आकडा मावतो. टेराबाइटभर जागा रिकामी असताना एकच मोठी चित्रफीत डिस्कवर उतरत नाही, याचे कारण या अरुंद रकान्यात आहे.

दरम्यान प्रत्येक घराण्याने आपापली वही आखली होती. ॲपलने १९८५ मध्ये हार्ड डिस्कसाठी एचएफएस आणि १९९८ मध्ये तिची वाढवलेली आवृत्ती एचएफएस प्लस आणली. लिनक्ससाठी रेमी कार्ड यांनी १९९२ मध्ये एक्स्ट ही व्यवस्था लिहिली, जिची चौथी पिढी २००८ पासून वापरात आहे. आणि मायक्रोसॉफ्टने स्वतःच १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस आणून फॅटची मर्यादा मान्य केली. एनटीएफएसचा मोठा गुण जुन्या मराठी हिशेबपद्धतीच्या भाषेत नेमका सांगता येतो. पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतो आणि मग खतावणीत जातो, त्यामुळे खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्द पाहून ती जुळवता येते. त्याचप्रमाणे एनटीएफएस वहीतला प्रत्येक फेरफार आधी एका वेगळ्या नोंदीत लिहिते आणि मगच प्रत्यक्षात करते. मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली, तर ही कीर्द वाचून अपुरा फेरफार पुरा करता येतो किंवा मागे घेता येतो. फॅटजवळ खतावणी आहे, कीर्द नाही.

या निरनिराळ्या वह्या एकमेकींसमोर येण्याचे प्रसंग पुष्कळ काळ थोडे होते, कारण जोडणीच वेगळी होती. मॅकवर १९८६ पासून स्कझी नावाची जोडणी होती, पीसीच्या बाहेरच्या डिस्क बहुधा प्रिंटरच्या पोर्टला लावल्या जात, आणि एकीची केबल दुसरीत बसत नसे. ही भिंत यूएसबीने पाडली. बडोद्यात शिकलेले आणि इंटेलमध्ये काम करणारे अजय भट्ट ज्यांच्या रचनाकारांत प्रमुख होते, त्या यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. १९९८ च्या आयमॅकने फ्लॉपी काढून टाकून यूएसबी स्वीकारली. आणि सेकंदाला ४८० मेगाबिट वेगाची दुसरी आवृत्ती २००० मध्ये निघाल्यावर, केबलमधूनच वीज घेणारी अडीच इंची डिस्क सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आली. केबल एक झाली तेव्हाच आतली भिंत दिसू लागली. एनटीएफएसची डिस्क मॅक वाचतो, पण त्यावर स्वतःहून लिहीत नाही; विंडोजला ॲपलची आणि लिनक्सची वही जोड-सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाही. सर्वांना लिहिता-वाचता येणारी अशी एकच वही उरली, ती फॅटची, आणि तीही विंडोजच्या फॉरमॅट करण्याच्या खिडकीतून ३२ गिगाबाइटपेक्षा मोठ्या डिस्कवर दीर्घकाळ आखून मिळत नसे, जरी तशी आखलेली डिस्क तोच विंडोज बिनतक्रार वाचत असे.

या पोकळीत मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये एक्सफॅट आणली. फाइलच्या आकाराचा रकाना तिने ६४ बिटांचा केला, त्यामुळे ती जुनी अडचण मिटली. ॲपलने २०१० मध्ये मॅकवर तिला जागा दिली, परंतु लिनक्सची वाट अडली ती तंत्रामुळे नव्हे. एक्सफॅट पेटंटांनी बांधलेली होती, आणि २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या दिशादर्शक उपकरणांच्या कंपनीवर केलेल्या दाव्यात फॅटच्या लांब नावांची पेटंटेही होती, त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे सावध झाले होते. डिस्क विकत घेणाऱ्याने पूर्ण किंमत मोजलेली असताना तिच्यावरची स्वतःचीच अक्षरे वाचण्याच्या आड कायदा यावा, हा या इतिहासातला सर्वांत अन्यायाचा टप्पा मानावा लागेल. तो ऑगस्ट २०१९ मध्ये संपला; मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा आराखडा खुला केला आणि लिनक्सच्या गाभ्यात तिच्या समावेशाला संमती दिली. २०२० च्या लिनक्स ५.७ मध्ये सॅमसंगने लिहिलेला चालक दाखल झाल्यापासून तिन्ही घराण्यांना सामाईक अशी एक मोठी वही मिळाली आहे.

ही सामाईकता फुकटची नाही. एक्सफॅटजवळही कीर्द नाही, त्यामुळे लिहिणे चालू असताना डिस्क ओढून काढणे तिला अधिक महागात पडते. म्हणूनच दोन प्रकारच्या संगणकांत ने-आण करायची असेल तर एक्सफॅट, आणि मॅकचा नियमित बॅकअप ठेवायचा असेल तर ॲपलचीच व्यवस्था, अशी विभागणी जाणकार करतात. एकाच डिस्कचे दोन भाग पाडून दोन्ही ठेवणारेही आहेत. वेग, केबल आणि पेटीची मजबुती यांचा विचार त्यानंतरचा.

मराठी वापरणाऱ्याच्या वाट्याला यात आणखी एक बारीक अडचण आली. जुन्या फॅटमध्ये फाइलचे नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढे तीन अक्षरांचे असे. विंडोज ९५ ने लांब नावे आणताना ती युनिकोडमध्ये नोंदण्याची सोय केली, तेव्हा देवनागरी नावाला डिस्कवर जागा झाली. परंतु ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी करून. एनटीएफएस मिळालेले रूप तसेच ठेवते. एचएफएस प्लस मात्र अशी अखंड चिन्हे फोडून जोडीच्या रूपातच नोंदत असे. त्यामुळे डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी दोन नावे, केवळ अंतर्गत क्रमांक ताडून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला, निरनिराळ्या फाइलींची वाटू शकत. २०१७ मध्ये मॅकवर आलेल्या एपीएफएस या नव्या व्यवस्थेने नाव दिले तसे जपण्याची आणि शोधताना दोन्ही रूपे एकच धरण्याची रीत घेतली.