पालकांची खुर्ची

कामोठ्यात सिडकोच्या आखणीवर इमारती उठल्या, तशा सेक्टरासेक्टरांत खासगी शाळा आल्या. माझी मुलगी अशाच एका शाळेत शिकते आणि मी तिथल्या पालक-शिक्षक संघात आहे.

या खुर्चीमागचा इतिहास जुना आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. देशभर तो मुलांचा कायदेशीर हक्क झाला तो थेट 1 एप्रिल 2010 रोजी, शिक्षण हक्क कायद्याने. त्याच कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. खासगी शाळांसाठी महाराष्ट्राचा 2011चा शुल्क नियमन कायदा आला. त्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे, निम्म्या जागा बायकांना, आणि फीचा प्रस्ताव आधी याच समितीपुढे ठेवायचा. चिठ्ठीची तरतूद मला सगळ्यांत मोलाची वाटते. तिच्यामुळे मर्जीतल्याच माणसांची वर्णी लागत नाही. रिक्षा चालवणाऱ्या बापाचंही नाव निघू शकतं.

पण त्यासाठी त्याच्या लेकराला आधी शाळेत प्रवेश मिळायला हवा. फेब्रुवारी 2024मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव प्रवेशांतून राज्य सरकारने सूट दिली. गरीब घरच्या लेकरांसाठी दारच बंद झालं असतं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली.

जूनमध्ये कार्यकारी समितीसाठी शाळेची सूचना येईल. आयांनो, बाबांनो, चिठ्ठीसाठी आपलं नाव द्या.